रांग मोडल्यावर

लहान मुलांना फुटबॉल शिकवायला लागलो त्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एक वही होती. तिच्यात प्रत्येक सरावाच्या 60 मिनिटांचा नीट आखलेला तक्ता असे: 10 मिनिटे धावणे आणि अंग मोकळे करणे, 15 मिनिटे प्लास्टिकच्या शंकूसारख्या कोनांमधून चेंडू नेणे, 15 मिनिटे जोडीने पास देणे, 10 मिनिटे गोलावर फटके आणि उरलेल्या 10 मिनिटांत सामना. मुले पाच ते आठ वर्षांची होती. मी मनापासून तयारी करीत असे. सर्वांच्या आधी मैदानावर पोहोचून प्लास्टिकचे रंगीत कोन पावले मोजून मांडत असे, आणि बारा मुले दोन सरळ रांगांत उभी राहिली की आपले काम व्यवस्थित चालले आहे असे मला वाटे. एके दिवशी रांगेत चौथी उभी असलेली सहा वर्षांची एक मुलगी बुटाच्या टोकाने जमीन उकरता उकरता, मान वर न करताच म्हणाली, “सर, खेळायचं कधी?” तेव्हा सराव सुरू होऊन 35 मिनिटे झाली होती.

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. शाळा कधी सुटणार हे विचारावे तितक्या साधेपणाने तिने ते विचारले होते, आणि म्हणूनच तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. गेली 35 मिनिटे आपण जे करीत आहोत त्याला खेळ म्हणतात, हे तिच्या गावीही नव्हते. त्या संध्याकाळी मी वही उघडून एक साधा हिशेब केला. एका रांगेत सहा मुले आणि एक चेंडू. कोनांमधून जाऊन परत यायला एका मुलाला साधारण 20 सेकंद लागतात, म्हणजे प्रत्येकाची पाळी दोन मिनिटांनी येते. 15 मिनिटांत सात किंवा आठ पाळ्या. त्या सर्व एकत्र केल्या तरी चेंडू पायाशी असण्याचा काळ अडीच मिनिटांच्या आसपासच राहतो, आणि उरलेली साडेबारा मिनिटे ते मूल समोरच्याच्या पाठीकडे पाहत उभे असते. चेंडूसाठी आलेल्या मुलाला मी उभे राहण्याचा सराव देत होतो.

रांगेमुळे कंटाळा येतो, एवढाच तिचा दोष असता तर मी कदाचित तो सोसला असता, कारण थोडा कंटाळा सहन करायला मुलांनी शिकावे असे मला आजही वाटते. दोष त्याहून खोल आहे. कोन जागचा हलत नाही. तो चेंडू हिसकावून घ्यायला येत नाही, आणि डावीकडे जाण्याचे सोंग केले म्हणून फसतही नाही. फुटबॉलमध्ये पायाने होणारी प्रत्येक गोष्ट आधी डोळ्यांनी टिपलेली आणि मनाने ठरवलेली असते. मोकळी जागा कुठे आहे, समोरचा किती वेगाने येतो आहे, आता थांबावे, वळावे की तसेच पुढे रेटावे, हे सारे क्षणाक्षणाला बदलत असते आणि या खेळाची खरी गंमत त्या बदलण्यातच असते. रांगेत मात्र हे सर्व निर्णय मी आधीच घेऊन टाकलेले असत. कुठून निघायचे, कोणत्या कोनाला कोणत्या बाजूने वळसा घालायचा, कुठे थांबायचे, हे सगळे माझे. मुलाच्या वाट्याला उरत होती ती केवळ हालचाल. कोनांमधून चेंडू सुरेख नेणारा एक मुलगा सामन्यात चेंडू पायाशी येताच गोंधळून तो कुठेतरी भिरकावून देई, याचे मला तेव्हा आश्चर्य वाटत असे. आता वाटत नाही, कारण त्याला जे शिकवलेच नव्हते ते त्याला येत नव्हते.

मराठीत ‘खेळ’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. लहान मूल वाळूत घर बांधते तोही खेळ, आणि पंच, शिट्टी, वेळ, नियम असलेला सामना हाही खेळ. भाषेने जे एकत्र ठेवले आहे ते मैदानावर मी वेगळे करून ठेवले होते: आधी सराव, आणि तो नीट केला तर शेवटी बक्षीस म्हणून खेळ. त्या मुलीच्या प्रश्नाने मला ही फाळणी दाखवून दिली. ती मोडायची कशी, हे कळायला मात्र मला पुढचे जवळजवळ वर्ष लागले, कारण पहिला उपाय मी चुकीचा निवडला.

मी गोष्टी सांगू लागलो. प्रत्येक सरावप्रकाराआधी दोन मिनिटांची गोष्ट असे. हे घनदाट जंगल आहे, हे कोन म्हणजे झाडे, चेंडू म्हणजे तुमचे हरणाचे पाडस, त्याला झाडांना न आपटू देता घरी न्यायचे. मुले डोळे मोठे करून ऐकत, आणि गोष्ट संपली की पुन्हा त्याच रांगेत उभी राहत. तिसऱ्या पाळीपर्यंत पाडसाचा पुन्हा चेंडू झालेला असे. कोनाला झाड म्हटल्याने तो काही अंगावर धावून येत नाही, हे मुलांना माझ्याआधी कळले होते. गोष्ट वरून लावलेल्या रंगासारखी होती, आणि आतले लाकूड तेच होते. पुढे मी एवढे शिकलो की मुलाला खेळ वाटण्यासाठी गोष्ट असलीच पाहिजे असे नाही, पण काही गोष्टी मात्र लागतातच: कोणीतरी पकडेल अशी धास्ती, दोन-तीन वाटांतून आपली वाट निवडण्याची मोकळीक, शेवट काय होईल याची अनिश्चितता, आणि हरलो तरी लगेच पुन्हा सुरुवात करता येईल ही खात्री. पकडापकडीत आणि लपंडावात हे सारे असते, म्हणून ते खेळ कोणी न शिकवता पिढ्यानुपिढ्या चालत आले आहेत.

यातली शेवटची गोष्ट मला एका सात वर्षांच्या मुलाने शिकवली. आम्ही शार्कचा खेळ खेळत होतो. जगभरचे प्रशिक्षक तो या ना त्या रूपात खेळवतात. आखलेला चौकोन म्हणजे समुद्र. प्रत्येक मुलाकडे एक चेंडू, आणि तो पायाशी सांभाळत या काठावरून त्या काठावर जायचे. मध्ये एक-दोन शार्क, ज्यांच्याकडे चेंडू नाही आणि जे इतरांचे चेंडू समुद्राबाहेर लाथाडायला टपलेले असतात. ज्याचा चेंडू बाहेर गेला तो बाद होऊन कडेला बसे. मुलांना हा खेळ फार आवडे, आणि मीही त्यावर खूश होतो. पण दोन-चार आठवड्यांनी माझ्या लक्षात आले की कडेला सर्वांत आधी येऊन बसणारी मुले दर वेळी तीच असतात. ज्यांचा चेंडूवर ताबा सर्वांत कच्चा, ती सर्वांत आधी बाद होत आणि सर्वांत जास्त वेळ बसून राहत. ज्यांना चेंडूची सर्वाधिक गरज होती त्यांच्याकडूनच माझा खेळ तो काढून घेत होता. रांग मोडली असे मी समजत होतो, पण ती कडेला जाऊन बसली होती.

तो मुलगा या बसणाऱ्यांपैकीच एक. एके दिवशी तो बसायला गेलाच नाही. चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावर धरून, पाय फाकवून तो समुद्रातच उभा राहिला आणि म्हणाला, “मी आता शेवाळ आहे. कुणी माझ्या पायांतून बॉल घातला की मी सुटणार.” मी काही बोलण्याआधीच एका मुलीने वळून त्याच्या पायांतून चेंडू सारला आणि तो सुटला. पुढच्या पाच मिनिटांत सगळा समुद्र शेवाळाने आणि सुटकेने भरून गेला. कोणीही बाहेर नव्हते. आणि मी जोडीजोडीने उभे करून, 15 मिनिटे ठरवून, पायाच्या आतल्या बाजूने चेंडू सारायला शिकवत होतो तोच पास मुले मित्राला सोडवण्यासाठी आपण होऊन देत होती: जवळून, बेताच्या जोराने, मान वर करून, शार्क कुठे आहे ते पाहून. फटका जोरात मारला तर चेंडू पायांतून जाऊन लांब पळतो आणि आपलाच चेंडू शार्कच्या तावडीत सापडतो, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

मुले आपापली खेळतात तेव्हा असे नियम नेहमीच घडत असतात, हे मी विसरलो होतो. घोळक्यातल्या सर्वांत धाकट्याला लिंबूटिंबू म्हणून घेतले जाते. तो सगळीकडे पळतो, ओरडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. एका बाजूला भारी गडी जास्त झाले तर डाव थांबवून वाटणी पुन्हा होते. कोणी रडीचा डाव खेळला तर भांडण होते आणि भांडून झाले की खेळ पुढे सुरू होतो. ही सगळी खटपट एकाच कारणासाठी असते: खेळ मोडू नये. आम्ही मोठी माणसे नियम जपतो आणि खेळ मोडतो. त्या दिवसापासून मी बाद होण्याचा नियम माझ्या सरावातून काढून टाकला, आणि प्रत्येक खेळाच्या मध्येच एकदा मुलांना विचारू लागलो, “आता यात काय बदलू या?” सगळ्या सूचना चांगल्या नसतात. काही तर पहिल्याच मिनिटात कोसळतात. पण कोसळल्या की मुलेच त्या दुरुस्त करतात.

आता थव्याविषयी लिहायला हवे, कारण लहान मुलांच्या फुटबॉलमध्ये मोठ्यांना सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट तीच आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलांचा सामना पाहिला की एक चेंडू आणि त्याभोवती मधमाश्यांसारखी झुंबडलेली सगळी मुले दिसतात. कडेने हाका सुरू होतात: पसरा, आपली जागा धरा, पास दे, पास दे. मीही असे ओरडलो आहे, आणि त्याचे मला वाईट वाटते. ज्याँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांच्या विचारांविषयी जे लिहिले त्यात एक मुद्दा असा होता की साधारण सात वर्षांपर्यंत मुलाला दुसऱ्याच्या जागेवरून जग कसे दिसते याची कल्पना करणे अवघड जाते. त्यांच्या सर्वच निष्कर्षांशी नंतरचे अभ्यासक सहमत नाहीत. मुलांना ते म्हणत त्याहून बरेच काही आधी कळते, असे पुढे दिसून आले. पण मैदानावरचा माझा अनुभव असा आहे की चेंडू, प्रतिस्पर्धी, सहकारी आणि मोकळी जागा हे सारे एकदम ध्यानात ठेवून ‘मी तिकडे थांबलो तर तो मला पास देईल’ असा विचार धावता धावता करणे पाच वर्षांच्या मुलाला जवळजवळ अशक्य असते. मिल्ड्रेड पार्टन या अभ्यासिकेने 1932 मध्ये लहान मुलांच्या खेळण्याच्या पद्धतींची जी मांडणी केली तीत ‘समांतर खेळ’ ही एक पद्धत आहे: मुले शेजारी शेजारी, सारख्याच खेळण्याने खेळतात, पण एकमेकांबरोबर नाही. अगदी लहान गटातल्या मुलांकडे एकेक चेंडू देऊन सोडले की नेमके तेच दिसते. त्यांच्यासाठी चेंडू हा माझा चेंडू असतो. तो दुसऱ्याला का द्यायचा, हा त्यांचा प्रश्न पूर्णपणे रास्त आहे.

म्हणून या वयात प्रत्येकाला आपला चेंडू हवा, आणि तो त्याच्या मापाचा हवा. मोठ्यांच्या सामन्यातला 5 क्रमांकाचा चेंडू 68 ते 70 सेंटिमीटर घेराचा असतो. लहानांसाठीचा 3 क्रमांकाचा चेंडू 58 ते 61 सेंटिमीटरचा आणि वजनानेही हलका. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण मोठा चेंडू पायाखाली घेऊन थांबवायला सांगितले की पाच वर्षांच्या मुलाचा गुडघा जवळजवळ पोटाला लागतो आणि तोल जातो.

थवा मोडण्यासाठी ओरडण्याची गरज नाही. माणसे कमी केली की तो आपोआप विरतो. तिघांविरुद्ध तीन खेळत असतील तर थवा फार तर सहा जणांचा होईल, आणि त्यातून चेंडू निसटला की समोर मोकळे मैदान असते. अनेक देशांच्या संघटनांनी गेल्या काही वर्षांत हाच विचार नियमांत उतरवला आहे. इंग्लंडमध्ये 2012 साली झालेल्या निर्णयानंतर सात-आठ वर्षांच्या आतील मुले पाच विरुद्ध पाच खेळू लागली. अमेरिकेत 2017 पासून आठ वर्षांच्या आतील गटांसाठी चार विरुद्ध चार, तेही गोलरक्षकाशिवाय, असा नियम आला. जर्मनीने 2024-25 च्या हंगामापासून सर्वांत लहान गटांना दोन विरुद्ध दोन किंवा तीन विरुद्ध तीन, छोट्या मैदानावर, चार छोट्या गोलांसह खेळायला लावले आणि बाहेर थांबलेल्या मुलांना ठरावीक क्रमाने आत घेण्याची पद्धत सक्तीची केली. म्हणजे कच्चे मूल सबंध वेळ कडेला बसून राहण्याची शक्यताच उरली नाही.

या चार गोलांच्या कल्पनेमागे हॉर्स्ट वाइन या जर्मन प्रशिक्षकाचे नाव घेतले जाते. मुळात ते हॉकीचे प्रशिक्षक. त्यांच्या खेळाचे नाव ‘फुनिन्यो’: त्यात ‘फन’ आहे, आणि ‘निन्यो’ म्हणजे स्पॅनिश भाषेत मूल. प्रत्येक बाजूला दोन छोटे गोल, तीन विरुद्ध तीन खेळाडू, आणि गोलापासून सहा मीटरच्या पट्ट्यात शिरल्याशिवाय फटका मान्य नाही. मी हा खेळ पहिल्यांदा मांडला तेव्हा त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला नव्हता. एक नवा प्रकार म्हणून करून पाहिला. दहाव्या मिनिटाला एक मुलगा डावीकडच्या गोलाकडे निघाला, समोर दोघे आडवे आले, तो थबकला, त्याने मान वर केली आणि चेंडू ओढून उजवीकडच्या रिकाम्या गोलाकडे वळवला. त्याच मुलाला मी महिनोन् महिने “मान वर, मान वर” म्हणून सांगत आलो होतो. मान वर करण्याचे कारण मैदानातच असले पाहिजे, आणि एका गोलाच्या मैदानात ते कारण नव्हते. मला वाटते, प्रशिक्षकाचे निम्मे काम अशी कारणे मांडून ठेवण्याचे आहे.

गोलसंख्या आणि जिंकणे-हरणे यांवर माझे मत मधल्या काळात बदलले. नॉर्वेत मुलांच्या क्रीडेसाठी 1987 पासून खास नियम आहेत, आणि 2007 मध्ये त्यांना मुलांच्या हक्कांची जोड मिळाली. तिथे अकरा वर्षांच्या आधी निकालांची आणि गुणांची तालिका लावली जात नाही. हे मला पूर्णपणे पटते. पण त्याचा अर्थ मी सुरुवातीला असा घेतला की मुलांना गोल मोजूच द्यायचे नाहीत. तो माझा अट्टहास मुलांनी कधीच मानला नाही. ती मोजतातच, आणि दोन्ही बाजूंची मोजणी वेगळी निघाली तर त्यावर मोठ्या आवाजात वाद घालतात, आणि पाणी प्यायला गेली की विसरतात. चढाओढ मुलांना आवडते, ती खेळाचाच भाग आहे. ती जड होते ती मोठ्या माणसांच्या हातांतून गेल्यावर: तालिकेत छापली जाते तेव्हा, घरी जाताना विचारली जाते तेव्हा, आणि तिच्यावरून कोणाला खेळवायचे हे ठरते तेव्हा. अमेरिकेतील संशोधक ॲमांडा व्हिसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना, तसेच पालकांना आणि प्रशिक्षकांना विचारून, खेळात मजा कशामुळे येते याची 81 कारणांची यादी 2014 मध्ये मांडली. तीत जिंकणे 48 व्या स्थानावर होते. मनापासून प्रयत्न करणे, एकमेकांशी चांगले वागणे आणि प्रशिक्षकाची आपुलकीची वागणूक या गोष्टी खूप वर होत्या. जिंकणे यादीत होते, हेही मी तितक्याच आदराने वाचतो.

बक्षिसांच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. एका हंगामात मी प्रत्येक सरावाच्या शेवटी एका मुलाला चमकता तारा चिकटवत असे. उद्देश चांगला होता. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मुले खेळताना मधूनच माझ्याकडे पाहू लागली. चांगली हुलकावणी दिली की नजर माझ्याकडे. मित्राला उठायला हात दिला की नजर माझ्याकडे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा 1973 चा एक प्रसिद्ध प्रयोग मी नंतर वाचला. चित्रे काढायची आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितले होते की चित्र काढले तर सोनेरी तारा आणि फीत असलेले प्रशस्तिपत्रक मिळेल. त्यांना ते मिळाले. काही दिवसांनी तेच रंगीत पेन वर्गात मोकळे ठेवले तेव्हा, बक्षिसाचे वचन न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, ही मुले निम्माच वेळ चित्रे काढत बसली. वाचताना मला ती माझ्याकडे वळणारी नजर आठवली. तारे बंद केले. पहिले दोन आठवडे मुलांनी विचारले, मग विचारणे थांबले, आणि नजर पुन्हा चेंडूकडे गेली. कौतुक मी अजूनही करतो, पण काय पाहिले ते सांगून करतो. “तू थांबलास आणि मग वळलास, ते मी पाहिलं,” एवढे पुरते.

पालकांविषयी थोडेच लिहितो, कारण त्यांची काळजी प्रेमातूनच येते हे मला ठाऊक आहे. कडेने मिळणाऱ्या सूचनांचा त्रास इतकाच की त्या ज्या निर्णयासाठी खेळ मांडलेला असतो तोच निर्णय मुलाच्या हातून काढून घेतात. ‘मार’ असे ऐकू आले की मूल मारते. मारावे का, हे पाहत नाही. ओहायोमधील मुलींच्या एका लीगने 1999 साली प्रेक्षकांनी आणि प्रशिक्षकांनी गप्प राहायचे असे सामने ठेवले होते, आणि ती कल्पना नंतर पुष्कळ ठिकाणी पसरली. आम्हीही महिन्यातून एकदा तसे करतो. पहिल्या शांत दिवशी मला सर्वांत स्पष्ट ऐकू आला तो मुलांचा आपसातला आवाज, जो आधीही असणारच, पण आमच्या आवाजाखाली दबलेला. गप्प राहणे सर्वांत कठीण गेले ते मला.

खेळकरपणा म्हणजे सगळ्यांना सारखाच आनंद, असेही नसते. आमच्याकडे एक मुलगा आला होता, ज्याला पाठलागाची खरीखुरी भीती वाटे. शार्क जवळ आला की तो चेंडू सोडून चौकोनाबाहेर जाई आणि त्याचे ओठ थरथरत. बाकीची मुले आनंदाने किंचाळत असताना त्याला ती किंकाळी धोक्याची वाटत होती. मी त्याला आग्रह केला नाही, पण बसूही दिले नाही. त्याने आधी शेवाळ होणे निवडले. दोन आठवडे तो फक्त शेवाळच होता, आणि त्याला सोडवायला येणाऱ्यांकडे पाहून तो मनापासून हसे. मग एके दिवशी त्याने शार्क व्हायचे ठरवले. पाठलाग करणारा आपण असलो की पाठलाग कसा असतो, हे त्याने आतून पाहिले. त्यानंतर कितीतरी दिवसांनी तो चेंडू घेऊन समुद्रात उतरला. ते कोणत्या दिवशी घडले हेही माझ्या लक्षात राहिले नाही, इतके ते सहज होते. मूल मजा करीत आहे की नाही हे आवाजावरून ठरवू नये, चेहऱ्यांकडे एकेक करून पाहावे, ही सवय मला त्याच्यामुळे लागली.

“मग शिकणार कधी?” हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो, आणि तो गंभीर प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर टिकण्यात आहे. अमेरिकेत लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांवर झालेल्या आणि 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रोत्साहन कसे द्यावे आणि चूक झाल्यावर कसे बोलावे याचे थोडे प्रशिक्षण घेतलेल्या प्रशिक्षकांकडची केवळ 5 टक्के मुले पुढच्या वर्षी खेळ सोडून गेली. असे प्रशिक्षण न घेतलेल्यांकडची 26 टक्के. सात वर्षांचे असताना सोडून गेलेले मूल चौदाव्या वर्षी काय शिकू शकले असते, हे कोणालाही कधी कळणार नाही. दुसरे उत्तर असे की खेळकर सराव हा सैल सराव नव्हे. चौकोन दोन पावले लहान केला की चेंडू जवळ ठेवावाच लागतो. शार्क एक वाढवला की मान वर करावीच लागते. गोल रुंद केला की फटक्याचे धैर्य येते. ही मापे ठरवायला पूर्वीच्या तक्त्यापेक्षा जास्त विचार लागतो, आणि अंदाज चुकला तर खेळ सुरू असतानाच तो बदलावा लागतो. वही माझ्याकडे अजून आहे. तिच्यात आता मिनिटे कमी आणि प्रश्न अधिक असतात.

ती मुलगी आता आठ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात सराव संपल्यावर ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “सर, पायाच्या बाहेरच्या बाजूने बॉल वळवतात ना, ते मला दाखवा.” मोठ्या मुलांपैकी कोणाला तरी तिने तसे करताना पाहिले होते. मी दोनदा करून दाखवले. तिने मधोमध एक कोन ठेवला, दहा पावले मागे गेली आणि चेंडू घेऊन त्याच्या अंगावर धावली. चेंडू कोनाला धडकला. पुन्हा मागे गेली. सहाव्या वेळी तिची मैत्रीण येऊन तिच्या मागे उभी राहिली, मग शेवाळाचा शोध लावणारा तो मुलगा, मग आणखी दोघे, प्रत्येकाच्या पायाशी स्वतःचा चेंडू. एक जण कोनापर्यंत पोहोचायच्या आतच दुसरा निघत होता, आणि ज्याचा चेंडू कोनाला लागे तो ओरडून शेवटी जाऊन उभा राहत होता. मी आवराआवर करायला निघालो होतो. बाकीचे सगळे कोन गोळा केले आणि तो एक तसाच राहू दिला.